जिन्यावरची खडूची रेघ

बसम्मा बाजाराची पिशवी घेऊन दारातून आत येत होती, नेमकी तेव्हाच विठाबाईंनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर मुंग्यांच्या खडूची रेघ ओढली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जाड, दोनदा गिरवलेली. खाली मालकीण, वर भाडेकरू, मध्ये रेघ. घरातल्या मुंग्या वरून खाली येतात असं विठाबाईंचं म्हणणं होतं, आणि मंगळवार पेठेतल्या त्या घरात विठाबाईंचं म्हणणं म्हणजे निकाल. त्यावर अपील नाही.

"गौरी यायच्या आत खोली मोकळी करा," त्या खडूचा हात पदराला पुसत म्हणाल्या. "माझ्या घरी पावणं येणार. लाडवाच्या डब्यात मुंग्या, पिठात मुंग्या, देवाच्या निवदात मुंग्या. गुळवाल्याला खोली दिली ही आमचीच चूक."

"काकी, रेघ मुंग्यास्नी कळती," बसम्मा म्हणाली. "मला कळत न्हाय." आणि ती रेघ ओलांडून वर गेली.

वर जाऊन तिने पिशवी खाली टाकली. तीन वर्षांतली ही चौथी खोली होती. गडहिंग्लजकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती कोल्हापुरात आली तेव्हा पहिली खोली मालकाच्या भाच्याचं लग्न ठरलं म्हणून गेली, दुसरी मालकाला गोठा वाढवायचा होता म्हणून, आणि तिसरी का गेली हे तर मालकालाही सांगता आलं नव्हतं. दर वेळी नवरा सोमेश "जाऊ दे की" म्हणाला आणि भांडी पोत्यात भरायला लागला. सोमेश सज्जन होता, आणि सज्जन माणसाचं बिऱ्हाड कायम हातगाडीवर असतं. तो मार्केट यार्डातल्या गुळाच्या गोदामात कामाला होता. तीस-तीस किलोचे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, दिवसभर उचलायचे, तोलायचे, थप्पीला लावायचे. पावसाळ्यात गूळ पाझरतो, त्यामुळे संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा सदरा अंगाला चिकटलेला असायचा आणि मागून येणाऱ्याला वाटावं की गुऱ्हाळच चालत आलं.

"जाऊ दे की," त्या संध्याकाळी सोमेश म्हणालाच. "दुसरी बघू."

"मी न्हाय जायची," बसम्मा म्हणाली. "माणसानं घालवली तर एक येळ जाईन. मुंगीनं घालवली म्हणून जाऊ? गावात त्वांड दाखवायला जागा ऱ्हाईल का?"

आता बसम्मा भांडखोर होती हे खरं, पण अप्रामाणिक नव्हती. रात्री सोमेशचा सदरा खुंटीवर बघून तिच्या मनात आलं, न जाणो, काकींचं खरंच असेल. गूळ तर आपल्याकडेच येतो. तेव्हा आधी आपलं घर बघायचं आणि मग दुसऱ्याचं, असं तिने ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून मुंग्यांच्या मागे हात धुऊन लागली.

पहिला हुकूम सोमेशला सुटला. सदरा दाराबाहेर काढायचा, बाहेरच्या बादलीत बुडवायचा, पाय धुवायचे आणि मग आत. गुळाचा डबा तिने पाण्याच्या परातीत उभा केला. परात भिंतीला टेकू दिली नाही, कारण मुंगीला भिंत म्हणजे हमरस्ता. एकदा परातीच्या काठावर उलथणं आडवं राहिलं तर पंधरा मिनिटांत त्या उलथण्यावरून मुंग्यांनी पूल बांधला होता, ते बघून तिने स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. परातीतलं पाणी रोज बदललं. चुलीमागची आणि खिडकीची भेग सिमेंट कालवून बुजवली. उष्टं रात्रभर ठेवायचं नाही, खरकटं सांडलं की लगेच उचलायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रांग दिसली की नुसत्या मुंग्या झाडायच्या नाहीत, साबणाच्या पाण्याने ती वाट पुसून काढायची. मुंगी वासावर चालते. वाट पुसली की ती येड्यासारखी फिरते आणि परत जाते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पोरवयात माहेरी मोऱ्या धुता धुता तिने ते बघून ठेवलं होतं.

आठ दिवसांनी तिने परीक्षा घेतली. गुळाचा लिंबाएवढा खडा घेऊन उंबऱ्याच्या आत, उघड्या फरशीवर ठेवला आणि सकाळपासून दुपारपर्यंत त्याच्याकडे बघत तांदूळ निवडले. एक मुंगी आली नाही. खडा आपला बसला होता पाहुण्यासारखा. बसम्माला इतका आनंद झाला की तिने तो खडा स्वतःच खाऊन टाकला.

खाली मात्र विठाबाईंची आरडाओरड चालूच होती. रोज सकाळी रेघ नव्याने ओढली जात होती आणि रोज त्यांच्या स्वयंपाकघरात मुंग्या निघत होत्या. "वरच्या मजल्यानं घर खाल्लं," असं त्या शेजारच्या बनाबाईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक इतकाच की हा संन्यासी फाशी घ्यायला तयार नव्हता.

"खालच्या मुंग्या कुठनं येत्यात ते मीच हुडकते," बसम्माने सोमेशला सांगितलं.

गुरुवारी विठाबाई देवळात गेल्या तेव्हा ती खाली उतरली. स्वयंपाकघराच्या दारातच रांग सापडली, बारीक, काळी, भरधाव. तिने ती उलटी धरली आणि वाकून मागे मागे गेली. रांग जिन्याकडे वळलीच नाही. खडूच्या रेघेपासून चांगली चार हात लांबून ती सोप्याच्या भिंतीच्या कडेने निघाली, मागच्या दाराच्या चौकटीखाली शिरली, तुळशीच्या कट्ट्याला वळसा घालून परसात उतरली आणि कोपऱ्यातल्या दगडी मोरीपाशी थांबली. मोरी काळी झाली होती. मुंग्यांचं वारूळ तिथेच दगडांच्या सांध्यात होतं, आणि स्वयंपाकघरात येत होत्या त्या नुसत्या इथल्या उनाड मुंग्या.

मोरीत खरकटं नव्हतं. तिथे भांडी घासतच नव्हते. तिने बादलीभर साबणाचं पाणी ओतलं, खराट्याने दगड घासले, सगळं लख्ख करून ती वर गेली आणि खिडकीत बसून राहिली.

थोड्या वेळाने आण्णा परसात आले. आण्णा म्हणजे विठाबाईंचे यजमान, घरमालक. एके काळचे पैलवान. तालमीच्या भिंतीवर अजून त्यांचा फोटो होता, खांद्यावर गदा आणि मान रेड्यासारखी. आता साठीला आलेले, आणि गेल्या पावसाळ्यापासून अंगावरचं मांस उतरलेलं. सदरा खुंटीवर टांगावा तसा त्यांच्या अंगावर लोंबायचा. हातात पाण्याचा तांब्या कायमचा. तो त्यांनी तिथेच उभ्याने घटाघटा रिकामा केला, मोरीकडे तोंड करून बसले, उठले आणि लंगडत आत गेले. नव्या चपलेने अंगठा चावला होता, त्याला दीड महिना झाला तरी जखम ओलीच होती. अर्ध्या तासात ते तीनदा आले.

तिसऱ्या वेळेनंतर बसम्माने पाहिलं, मघाशी घासून काढलेल्या दगडावर मुंग्या पुन्हा जमल्या होत्या. मुंगीला मुताचा पूर अशी म्हण आहे. इथे त्या पुरातच मुंग्यांची जत्रा भरली होती.

तिने अशी मोरी पूर्वी बघितली होती.

आता यात विठाबाईंची चूक म्हणावी तर तीही मायेची होती. पैलवानाचं अंग उतरलं की त्या पेठेत एकच औषध माहीत, खुराक. म्हणून त्यांनी आण्णांचा खुराक दुप्पट केला होता. सकाळी बदामाची थंडाई, दुपारी तूप-गूळ-पोळी, संध्याकाळी तांब्याभर दुधात गुळाचा मोठा खडा. अंग अजून उतरलं की खडा अजून मोठा. वर गूळवाला भाडेकरू असल्यामुळे गूळही चांगल्यातला मिळत होता. सोमेशच आणून द्यायचा.

रात्री जेवताना बसम्माने हे सगळं सोमेशला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"असलं बोलायचं असतंय व्हय? बाप्याच्या लघवीचं? तू बाईमाणूस," तो म्हणाला. "त्येंनी काय म्हणावं? जाऊ दे की. खोली सोडू."

"खोली सोडली की त्येंचा पाय बरा हुणार हाय का?"

पण बसम्माही अजून रीत सोडायला तयार नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने विठाबाईंना तुळशीपाशी एकटं गाठलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काकी, आण्णास्नी डाक्टरला दाखवा. त्येंना साखरेचा रोग हाय का बघा. पाणी लई पित्यात, अंगठा भरंना."

विठाबाईंनी तिला खालून वर न्याहाळलं. "दृष्ट लागलीया त्येंना. आन् ती कुणाची लागलीया ते बी मला म्हाईत हाय. तू तुझं बोचकं बांध."

त्या संध्याकाळी दुधातला खडा आणखी मोठा झाला.

गौरी चार दिवसांवर आल्या तेव्हा आण्णांनी स्वतः हाक मारली. सकाळची वेळ, सोमेश कामावर निघालेला. आण्णा सोप्यात पाटावर बसले होते, शेजारी तांब्या, अंगठ्याला चिंधी. विठाबाई दाराला टेकून उभ्या होत्या आणि बनाबाई विरजण मागायला म्हणून आली होती ती वाटी घेऊन तशीच थांबली होती.

"किल्ली द्या," आण्णा म्हणाले. आवाज अजून पैलवानाचा होता. "मी कुणाला घालवत न्हाय. पण घरात मुंग्या चालणार न्हाईत."

सोमेशने किल्ली खिशातून काढली. बसम्माने ती त्याच्या हातातून घेतली आणि आपल्या कनवटीला लावली.

"आण्णा, मुंग्या आमच्या गुळाच्या न्हाईत," ती म्हणाली. "तुमच्या मोरीतल्या हाईत. तुमच्या लघवीला मुंग्या लागल्यात्या. लघवीत साखर जातीया तुमच्या."

बनाबाईच्या हातातली वाटी वाजली. विठाबाई पुढे धावल्या. "जीभ झडंल तुझी. माझ्या मालकाला असलं बोलतीस?"

"लाज न्हाय हिला," आण्णा म्हणाले. ते उठून उभे राहिले, रागाने मान लाल झाली होती. "मला साखरेचा रोग? गादीवर लोळणाऱ्या शेटजीचा रोग त्यो. मी दोन दोन हजार जोर मारल्यात. चल, उचल सामान. आत्ताच्या आत्ता."

बसम्मा जिन्याकडे गेली. सगळ्यांना वाटलं सामान आणायला निघाली. पण ती पहिल्याच पायरीवर बसली, बरोबर खडूच्या रेघेवर, मांडी घालून.

"तुम्ही आधी तपासून या," ती म्हणाली. "काय न्हाय निघालं तर मी गौरीम्होरं नाक घासून जाते, आन् पुन्यांदा ह्या गल्लीत दिसत न्हाय. पर तोवर ही पायरी सोडत न्हाय. उचलून टाका की, पैलवान हाईसा."

एका परक्या बाईला उचलून टाकणं आण्णांना जमणारं नव्हतं आणि तिचं बोलणं गिळणंही जमणारं नव्हतं. "हिला खोटी पाडूनच येतो," असं म्हणून त्यांनी टोपी घातली. चप्पल पायात जाईना, तशीच हातात घेतली. तेवढ्यात सोमेशने खांद्यावरची डब्याची पिशवी खाली ठेवली. "चला आण्णा, मी येतो संगट," तो म्हणाला. "रिक्षा बघतो." लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने काही 'जाऊ दे' म्हटलं नव्हतं, आणि बसम्माने त्याच्याकडे असं पाहिलं की तो दारातच अडखळला.

दोन तास ती पायरीवर बसून होती. बाहेर रिमझिम सुरू झाली. बनाबाई गेली, गल्लीभर बातमी लावून आली आणि पुन्हा गेली. बसम्माला आता भीती वाटू लागली होती. मोरीतल्या मुंग्या दुसऱ्याच कशाला आलेल्या निघाल्या तर? एका भल्या माणसाची चारचौघांत अब्रू काढली, आणि खोलीही गेली, आणि नाकही गेलं. पण उठावंसं मात्र तिला वाटलं नाही. आत विठाबाई भांडी आपटत होत्या. हळूहळू आपटणं थांबलं. मग त्या बाहेर आल्या आणि पायरीपासून दोन हात लांब, भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"अंगठ्याचं बी त्याच्यामुळंच असतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"असतंय."

"मी रोज गूळ घालत हुते दुधात," विठाबाई म्हणाल्या. "अंग भरावं म्हणून." आणि त्या तिथेच खाली बसल्या.

रिक्षा आली तेव्हा दोघीही उठल्या नाहीत. आधी सोमेश आत आला, हातात औषधांची पुडकी. मागून आण्णा. अंगठ्याला पांढरंशुभ्र नवं बँडेज होतं आणि मान खाली होती. त्यांना मान खाली घातलेलं त्या घराने पहिल्यांदाच पाहिलं.

"साखर चारशेच्या वर निघाली," सोमेश हळूच म्हणाला. "डाक्टर म्हणाले, अजून आठ-पंधरा दिवस गेलं असतं तर अंगठा काढायला लागला असता. अंगठ्यावर बी भागलं नसतं म्हणाले."

विठाबाईंनी पदर तोंडाला लावला. आण्णा पाटावर टेकले, तांब्याकडे हात गेला आणि तसाच मागे आला.

"तुला कसं कळलं?" त्यांनी बसम्माला विचारलं.

भांडताना तिला शब्दांची वाण कधी पडत नसे, पण आता ती एकेक शब्द वेचून बोलली.

"आमचा अप्पा," ती म्हणाली. "मी तेरा वर्साची हुते. मोरी मीच धूत हुते आमच्यात. रोज धुवायची, रोज मुंग्या. मला कळत हुतं हे काय तरी येगळं हाय. पर आईला कसं सांगायचं, बापाच्या लघवीला मुंग्या येत्यात म्हणून? लाज वाटली. गप बसले. आधी बोट काढलं अप्पाचं, मग पाय काढला, मग अप्पाच गेला. डाक्टर आईला म्हणाला, घरात कुणालाच मुंग्या दिसल्या न्हाईत का? मी दाराआड हुते. तवा बी गप बसले."

तिने डोळे पुसले, रागारागाने, जणू ते पाणीही कुणी मुद्दाम आणलं होतं.

"तवापासनं ठरीवलंय, मरूंदे ती लाज. खोली गेली तर गेली. पर ह्या खेपंला गप बसायचं न्हाय."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. आण्णांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या पायाकडे.

"लाज न्हायच हिला," ते बायकोला म्हणाले, पण या वेळी त्यांचा आवाज भरून आला होता. "न्हाय त्येच बरं झालं."

संध्याकाळी बसम्मा वर भाकऱ्या थापत असताना जिन्यावर जड पावलं वाजली. विठाबाई आजवर वर कधी आल्या नव्हत्या. त्यांच्या कमरेवर पितळेचा मोठा डबा होता, झाकण फडक्याने बांधलेला. वर येऊन त्या धापा टाकत उभ्या राहिल्या, मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. बुजवलेल्या भेगा पाहिल्या, पुसलेली फरशी पाहिली, दाराबाहेरच्या बादलीत बुडवलेला सदरा पाहिला. न विचारताच त्या परातीपाशी गेल्या आणि बसम्माच्या डब्याशेजारी पाण्यात आपला डबा ठेवला. डबा भिंतीला टेकत नाही ना, हेही वाकून बघितलं.

"आमचा गूळ," त्या म्हणाल्या. "खाली ऱ्हायला तर ह्ये हुडकून खातील. पैलवानाची जात हाय, ऐकायची न्हाय. तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

बसम्माने तवा खाली उतरवला. एवढ्या सहज सोडून देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"पर काकी, एवढा गूळ ठिवला तर घरात मुंग्या येतील की."

"येऊंद्यात," विठाबाई जिन्याकडे वळत म्हणाल्या. "आल्या तर तू हाईस की हितं."

खाली उतरताना त्या शेवटच्या पायरीवर थांबल्या आणि सकाळपासून अर्धीमुर्धी फिसकटलेली ती खडूची रेघ पायाने पुसून पुढे गेल्या.